तक्रारीपासून सुरू होणारा अभ्यास

अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाची सुरुवात सूचनेने होते. स्टार्टरची जोडणी करा, आकृती काढा, वाचने तक्त्यात भरा. सूचना स्पष्ट असते, साहित्य टेबलावर मांडलेले असते, आणि उत्तर काय यायला हवे हे शिक्षकाला, परीक्षकाला आणि बहुतेक वेळा मुलांनाही आधीच ठाऊक असते. हीच मुले पुढे कळंबच्या नाहीतर उमरग्याच्या एखाद्या दुकानात बसली की समोर येणारा माणूस सूचना घेऊन येत नाही. तो म्हणतो, “लाईन आली की मोटार नुसती घुमायली, पाणी काही उचलंना.” बिघाड मोटारीत असेल, केबलमध्ये असेल, डीपीवर असेल, नाहीतर बोअरच्या तळाशी असेल. कुठे हात घालायचा हे त्या वाक्यात कुठेच नसते, ते शोधून काढायचे असते. या क्षेत्रात बरीच वर्षे काम करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्यात व्यवसाय शिक्षण अशा तक्रारीपासून सुरू व्हायला हवे, आणि त्या तक्रारीला खरा धनी असायला हवा, म्हणजे उत्तर चुकले तर ‘चुकले’ म्हणून सांगणारा माणूस. समस्येवर आधारित शिक्षण म्हणून जे सांगितले जाते त्यातला हा दुसरा भाग आपण सोडून देतो, आणि मग ती पद्धत थर्माकोलच्या प्रतिकृतींत आणि चकचकीत प्रोजेक्ट फाइलींत संपते.

राज्यात उच्च माध्यमिक स्तरावर किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम १९८८-८९ पासून सुरू झाले. पुढे नवव्या इयत्तेपासून कौशल्य विषय आले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव द्यायचे उद्दिष्ट ठेवले. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतले आकडे दिले आहेत: १९ ते २४ वयोगटातील औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेल्या कामगारांचे प्रमाण भारतात ५ टक्क्यांहून कमी, अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. हे आकडे भाषणांत पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यातून चर्चा संख्येवर जाते. किती शाळांत किती तुकड्या, किती जागा भरल्या. शिकवले काय आणि कसे, हा प्रश्न मागे राहतो. धाराशिव हा २०१८ मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक, महाराष्ट्रातल्या चारांपैकी. इथे तुकड्या वाढवून भागणार नाही. इथल्या आठही तालुक्यांत पाणी, वीज, दूध, माती यांचे रोजचे प्रश्न आहेत, आणि त्यांपैकी फारच थोडे वर्गाच्या दारातून आत येतात.

समस्येवर आधारित शिक्षणाची पद्धत मुळात वैद्यकशास्त्रातली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ साली सुरू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात ती रुजली, आणि हॉवर्ड बॅरोज यांनी तिला शिस्त दिली. तिथला युक्तिवाद साधा होता. रोगी प्रकरण क्रमांक सात घेऊन येत नाही, तो पोट दुखते म्हणून येतो. शरीररचना, रसायन, औषधे हे सगळे ज्ञान त्या दुखण्याभोवती गोळा करायला शिकवले तर ते पुढे हाताशी राहते. हा युक्तिवाद डॉक्टरांपेक्षाही तंत्रज्ञांना अधिक लागू पडतो असे मला वाटते. डॉक्टरकडे निदान ठरवायला तपासण्यांची मोठी यंत्रणा असते. गावातल्या वायरमनकडे टेस्टर, टँगटेस्टर आणि स्वतःची विचार करायची सवय एवढेच असते. तिसरी गोष्ट आपण त्याला शिकवलीच नाही तर पहिल्या दोन फारशा उपयोगाला येत नाहीत.

जळलेली मोटार घ्या. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात उन्हाळ्याच्या तोंडाशी ही तक्रार असतेच. आमचा अभ्यासक्रम जळलेल्या मोटारीचे वायंडिंग कसे करायचे ते शिकवतो: जुनी तार काढणे, वेढे मोजणे, खाचांत कागद बसवणे, नवी तार भरणे, वार्निश, भट्टी. हे शिकवायलाच हवे. पण वायंडिंग करून नेलेली मोटार पुढच्याच महिन्यात परत जळून आली तर काय, याचे उत्तर त्या धड्यात नाही. मोटार का जळली असे विचारले की अभ्यास पसरत जातो. एक शक्यता अशी की तीनपैकी एक फेज गेला आणि मोटार उरलेल्या दोनांवर घुमत राहिली. दुसरी, व्होल्टेज कमी होते, म्हणून मोटारीने जास्त करंट ओढला आणि वेढे तापले. तिसरी, बोअरमधले पाणी उपसून संपले, मोटार गुळण्या मारायला लागली आणि ज्या पाण्याने ती थंड राहायची तेच तिच्याभोवती उरले नाही. चौथी शक्यता केबलची, आणि ती कागदावर तपासता येते. पाच अश्वशक्तीची सबमर्सिबल मोटार साधारण ८ अँपिअर ओढते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरमागे सुमारे साडेसात ओहम असतो. खांबापासून मोटारीपर्यंत ३०० मीटर केबल असेल तर वाटेतच २५ ते ३० व्होल्ट गळतात. डीपीवरच ४१५ ऐवजी ३६० मिळत असतील तर मोटारीपर्यंत ३३० च्या आसपास पोचणार. बारावीच्या मुलाला हे गणित अवघड नाही. मात्र पाठ्यपुस्तकातल्या रोधाच्या सूत्राला शेतकऱ्याच्या मोटारीशी जोडून पाहण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेली नसते.

तिसरी शक्यता तपासायला गेले की मुलाला भूगर्भात उतरावे लागते. हा सगळा भाग काळ्या बेसॉल्टचा. पाणी खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत असते, त्यामुळे बोअर थोड्या वेळात रिकामे होते आणि भरायला वेळ घेते. पाणी तुटेपर्यंत मोटार किती मिनिटे चालते आणि पुन्हा भरायला बोअर किती वेळ घेते, एवढ्या दोन नोंदी आठवडाभर ठेवल्या तर मोटारीची क्षमता बोअरला मानवते का ते कळते. दुसरी शक्यता तर गावापर्यंत जाते. लाईन दिवसातून ठरावीक तासच असते, कधी रात्रीची असते. रात्री उठून मोटार चालू करायला जायला नको म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो बसवतो. त्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, सापाविंचवाच्या रानात रात्री दोनला कोण जाणार? पण एका डीपीवरच्या सगळ्याच मोटारी ऑटोवर असल्या की लाईन येताच त्या एकदम उचलतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. व्होल्टेज बसते, मोटारी घुमत राहतात, फ्यूज जातो, कधी डीपीच जळते. प्रत्येकाने स्वतःपुरते शोधलेले उत्तर सगळ्यांचा प्रश्न होऊन बसते. इथे मुलाला पकड-पान्याने काही करता येत नाही. डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून पाळ्या ठरवणे, कपॅसिटर बसवणे, उशिराने सुरू होणारे टायमर लावणे असे काहीतरी करावे लागते, आणि ते समजावून सांगायला मोजमापांचा कागद लागतो. विद्युत तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलाने असा कागद तयार करणे हा त्याच्या अभ्यासाचाच भाग आहे असे मी मानतो.

प्रश्नाला धनी असला की माणसे किती वेगाने तांत्रिक गोष्टी शिकतात याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे, आणि तो शाळेबाहेरचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून ५२ गावे पूर्णपणे उठवून नव्या जागी वसवावी लागली. पण ज्यांची घरे तडकली होती, पडली नव्हती, अशी गावे कितीतरी जास्त होती. जागतिक बँकेच्या साह्याने झालेल्या पुनर्वसनात या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांच्या हाती दिले गेले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. दगडाच्या जाड भिंती का फुटल्या हा प्रश्न त्या बायकांपुढे होता. भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर, मध्ये चिखल आणि बारीक दगड, दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, वर माळवदाचे ओझे. हादरा बसला की पदर एकमेकांपासून सुटतात. म्हणून आरपार जोड, कोपऱ्यांची मजबुती, भिंतीवरून फिरणारा सलोह काँक्रीटचा पट्टा. ज्यांना अभियांत्रिकीचा एक धडाही कुणी शिकवला नव्हता अशा बायका बांधकामावर उभ्या राहून गवंड्याला प्रश्न विचारू लागल्या, कारण त्याच भिंतीखाली त्यांची पोरे झोपणार होती. व्यवसाय शिक्षणाच्या इतिहासात या शिक्षणाची नोंद सहसा होत नाही. माझ्या मते या जिल्ह्यातला तो सर्वांत मोठा आणि सर्वांत गंभीर प्रश्नाधारित वर्ग होता.

शाळेच्या चौकटीत हे जमते का, याचे उत्तर पाबळने दिले आहे. हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधनाचे काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. गाव अवर्षणप्रवण, म्हणजे आपल्या परंडा-भूमसारखेच. त्यांच्या विचारातून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला आणि राज्य मंडळाच्या शाळांत गेला: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि आठवड्यातला एक दिवस हाताने काम. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट लोक चटकन विसरतात. मुलांनी गावाला सेवा द्यायची आणि तिचे दाम घ्यायचे. वेल्डिंग करून दिलेल्या फाटकाचे पैसे मोजणारा माणूस बिजागरी नीट फिरते का ते पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. वहीवर मिळणाऱ्या शेऱ्यापेक्षा ही तपासणी कडक असते आणि मुले ती मनाला लावून घेतात. विहिरीची जागा ठरवायला जमिनीचा विद्युत रोध मोजण्याचे तंत्रही तिथे खेड्यातल्या तरुणांना शिकवले गेले. दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम पाण्याच्या शोधाला लागला.

आता आक्षेप. सर्वांत भक्कम आक्षेप शिक्षणाच्या मानसशास्त्रातून येतो. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये सविस्तर मांडले की नवशिक्याला प्रश्नापुढे उभे करून ‘शोधा’ म्हटले तर त्याच्या स्मृतीवर इतका ताण येतो की शिकायला जागाच उरत नाही. त्याला सोडवलेली उदाहरणे आणि स्पष्ट मार्गदर्शन हवे. पुढच्याच वर्षी सिंडी हमेलो-सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले की चांगल्या प्रश्नाधारित शिक्षणात मार्गदर्शन भरपूर असते. मला दोन्ही बाजू वाचून किर्शनर यांची भीती खरी वाटते, विशेषतः आपल्या कार्यशाळेत. ४१५ व्होल्टला हात लावून शोध लावायचा नसतो. सुरक्षा, जोडणी, सोल्डरिंग, मापन यंत्र हाताळणे हे सांगून, दाखवून, घटवूनच घ्यायचे. प्रश्न त्यानंतर यावा, आणि पहिले दोन-तीन प्रश्न शिक्षकाने मोठ्याने विचार करत, फळ्यावर सोडवून दाखवावेत. पण हा आक्षेप क्रम ठरवतो, पद्धत रद्द करत नाही. आपल्याकडे दोन वर्षे फक्त पहिली पायरी चालते आणि दुसरी येण्याआधी मूल बाहेर पडते.

प्रश्नांच्या मागे लागले की विषय पातळ होतो, असेही पुष्कळ शिक्षक म्हणतात. भूम तालुक्यातली खव्याची भट्टी हे त्याला माझे उत्तर. भूमचा खवा आणि कुंथलगिरीचे पेढे सगळ्या मराठवाड्याला माहीत आहेत. भट्टीवाल्याची तक्रार असते की सरपण परवडत नाही. किलोभर खव्याला गाईचे साधारण पाच लिटर दूध आटवावे लागते, म्हणजे सुमारे चार किलो पाण्याची वाफ करायची. दूध तापवण्याची उष्णता आणि बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता मिळून सुमारे साडेदहा हजार किलोज्यूल होतात. कोरड्या लाकडाच्या एका किलोतून पंधरा हजारांच्या आसपास मिळतात. म्हणजे हिशेबाने पाऊण किलोच्या आत लाकूड पुरावे. उघड्या भट्टीत त्याहून पुष्कळ जास्त जळते. मग बाकीची उष्णता गेली कुठे? कढईच्या कडेने, ओल्या लाकडात, धुरात, भट्टीच्या तोंडातून. मुलाने लाकूड वजन करून घातले, दूध मोजून ओतले, शेवटी खवा तोलला की भट्टीची कार्यक्षमता त्याच्या हातात येते, आणि तोंड लहान केल्यावर किंवा हवा खालून दिल्यावर ती किती बदलते हेही. यात विषय पातळ झाला असे कुणी म्हणू शकणार नाही. अप्रकट उष्णतेवर बारावीत जे विचारले जाते त्याहून हे कठीण आहे.

तिसरा आक्षेप सामाजिक आहे, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. बलुतेदारीत कामे जातीने वाटलेली होती. गावाचेच प्रश्न शाळेत आणले तर कुंभाराच्या पोराला पुन्हा चाकाशी आणि गरिबाच्या पोराला पुन्हा पकड-पान्याशी बांधले जाणार नाही का? पालक विचारतात, मोटारी दुरुस्त करायलाच शिकवायचे होते तर शाळेत कशाला घातले? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. त्याला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वडिलोपार्जित कामात ‘असेच करतात’ हे उत्तर चालते. निदानात ते चालत नाही, तिथे मोजून, लिहून, कारण देऊन पटवावे लागते, आणि ते करणारा मुलगा किंवा मुलगी त्या कामात अडकून राहण्याची शक्यता कमी होते. दुसरे, वाट पुढे उघडी असलीच पाहिजे आणि ती पालकांना माहीत असली पाहिजे. तांत्रिक गटातून बारावी झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहे, शिकाऊ उमेदवारी कायद्यात व्यवसाय अभ्यासक्रमाच्या मुलांसाठी वेगळा वर्ग आहे. आपली बरीच मुले चाकण, रांजणगावला जातात, तेव्हा गावच्या मोटारीचा अभ्यास तिथे काय कामाचा, असेही विचारले जाते. कारखान्यातले यंत्र वेगळे असते, ते कंपनी शिकवून घेते. एका लक्षणामागच्या चार शक्यता मांडून एकेक बाद करत जाण्याची सवय मात्र कंपनी लावत नाही, ती असलेला माणूस ती शोधते.

शिक्षकांच्या अडचणीबद्दल थोडक्यात बोलतो, कारण इथे युक्तिवादापेक्षा मागणीच करायची आहे. ज्याची नेमणूक तासिकेवर किंवा कंत्राटावर, ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही ठाऊक नाही, त्याने महिनाभर चालणारा प्रश्न हाती घ्यावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. आधी त्याला स्थिर करा. तासिका सलग करा, पाऊण तासात बोअर मोजता येत नाही. आणि परीक्षा बदला. प्रात्यक्षिक परीक्षेत मुद्दाम बिघाड करून ठेवलेले पॅनल द्यावे, आणि निम्मे गुण दुरुस्तीला हात लावण्याआधी लिहिलेल्या निदानाला असावेत. परीक्षा सूचनेने सुरू होत राहिली तर वर्गही सूचनेनेच सुरू होणार, कितीही प्रशिक्षणे घेतली तरी.

एक व्यवहारातली शंका उरते. हरभऱ्याला पाणी द्यायचे असताना शेतकऱ्याची मोटार पोरांच्या हाती कोण देईल, आणि बिघडली तर भरपाई कुणाची? मोटार पोरांच्या हाती द्यायचीच नाही. ती वायंडिंगवाल्याकडेच जाऊ दे, त्याचे काम तोच करील. मुलांनी मोटार वर काढण्याआधी तीन फेजचे व्होल्टेज, केबलची लांबी-जाडी, शेजारच्या मोटारींची संख्या, पाणी तुटेपर्यंतची मिनिटे लिहून कारण कागदावर मांडायचे आणि कागद दुकानात ठेवायचा. वायंडिंगवाला मोटार उघडतो तेव्हा आत उत्तर असतेच. स्टार जोडणीत दोन फेजचे वेढे काळे पडलेले आणि तिसऱ्याची तार तशीच तांबूस असेल तर एक फेज गेला होता. तिन्ही सारखेच करपले असतील तर व्होल्टेज किंवा भार यांचा दोष. बुश झिजलेले आणि शाफ्टवर चरे असतील तर कोरडी चाल किंवा वाळू. हे वाचण्याची दृष्टी त्या दुकानदाराला वर्षांच्या सवयीने आलेली असते, शेतकरी विचारत नाही म्हणून तो सांगत नाही. त्याला मानधन देऊन शाळेच्या मूल्यमापनात बसवावे, मुलांचे कागद त्याने उघडलेल्या मोटारीशी ताडून पाहावेत, आणि ज्यांचे कारण चुकले त्यांनी त्याच दुकानात उभे राहून आपले कोणते मोजमाप फसले ते शोधावे.